बंद नलिकेच्या कामासाठी गावाशी संवाद खरा कसा करावा?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)

मी एका सल्लागार संस्थेत काम करतो. सिंचन प्रकल्पाच्या बंद नलिका वितरणासाठी, म्हणजे उघड्या पाटांऐवजी जमिनीखालच्या नळांतून शेतांना पाणी देण्याच्या कामासाठी, गावोगावी बैठका घेणे आणि लोकांचे म्हणणे विभागापर्यंत पोहोचवणे हे आमचे काम आहे. बैठकीला सरपंच, पोलीस पाटील आणि पंधरावीस पुरुष येतात, उपस्थितीपत्रकावर सह्या होतात. मात्र ज्यांच्या वावरातून नलिका जाणार आहे, त्यांच्यातले निम्मेही दिसत नाहीत. अशा बैठकीवरून ‘ग्रामस्थांची सहमती आहे’ असे अहवालात लिहायला माझे मन धजावत नाही. काय करावे?

उत्तर (निवृत्त ग्रामसेवक, वाशीम)

आपण बैठक कोणत्या महिन्यात आणि किती वाजता घेता? कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला सभा ठेवली, तर बाया आणि मजूर येणार नाहीत, हे गावातले पोरही सांगेल. दिवेलागणीनंतर, शाळेत किंवा मंदिरासमोर बसा. आदल्या दिवशी कोतवालाकडून दवंडी द्या आणि बाधित गट क्रमांकांची यादी चावडीवर लावा. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती, म्हणजे किमान उपस्थिती, लागते. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतील जनसुनावणीला मात्र गणपूर्तीची अटच नाही. म्हणून सभा कायदेशीर झाली एवढ्यावर समाधान मानू नका.

उत्तर (शेतकरी, यवतमाळ)

माझ्या वावरातून नलिका गेली आहे, म्हणून लिहितो. आमच्याही गावात सभा झाली होती, नकाशा भिंतीवर लावला होता, पण त्यावरून आपला धुरा (बांध) कोणता हे कोणाला उमगले नाही. खोदाईच्या वेळी वरची काळी माती आणि खालचा मुरूम एकत्र बुजवला गेला, आणि त्या पट्ट्यात दोन हंगाम पऱ्हाटी नीट उभी राहिली नाही. कोणी आधी आमच्याबरोबर बांधाबांधाने चालले असते, तर माती वेगळी ठेवा, पाण्याचे तोंड उताराच्या वरच्या अंगाला द्या, एवढे आम्ही जागेवरच सांगितले असते. नलिका येणार की नाही, हे वरून ठरलेले असते, ते आम्हाला कळते. तसे स्पष्ट सांगा आणि जे अजून बदलता येते, तेवढेच विचारा. ठरलेल्या गोष्टीवर मत मागितले की पुढच्या सभेला कोणी येत नाही.

उत्तर (गडचिरोली)

वरच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे अभ्यासगटात विषय आधी समजून घेतात आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय होतो. एका बैठकीत माहिती आणि संमती दोन्ही मागणे, हीच मुळातली चूक आहे. माहिती दिल्यावर किमान पंधरा दिवस गावाला आपापसांत बोलू द्या, बायकांची बैठक वेगळी घ्या. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्यानुसार गावात पाणी वापर संस्था झाली असेल, तर पाणी सोडण्याच्या तोंडांच्या जागा तिच्यासोबत ठरवा, कारण पुढे पाणी वाटायचे आहे ते तिलाच.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. पहिल्या गावात खातेदारांसोबत शिवारफेरी ठेवतो. प्रत्येक गटापुढे शेतकऱ्याची मागणी आणि त्यावर विभागाचे उत्तर लिहून, तीच यादी दुसऱ्या बैठकीत वाचून दाखवीन. नकार असेल तर कारणासकट.