१-टन ट्रकचा १४-बोल्ट एक्सल ड्रॅग कारला बसवायचाय, कुणी केलंय का?

नोवावाला_मिशिगन: मंडळी, माझी ७२ ची शेवी (शेव्हरोले) नोवा आहे, इकडे मिशिगनला क्वार्टर माइल (पाव मैलाची सरळ शर्यत) पळवतो. आता बिग ब्लॉक (मोठं V8 इंजिन) टाकलंय, मागे स्लिक (गुळगुळीत रेसिंग) टायर, सध्याच्या १०-बोल्ट एक्सलवर (कव्हरला १० बोल्ट) काही भरवसा नाही. भंगारवाल्याकडे शेवीच्या १-टन ट्रकचा १४-बोल्ट फुल फ्लोटर स्वस्तात मिळतोय, साडेदहा इंची क्राऊन (मोठं दातेरी चक्र), ४.१० रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे ४.१ फेरे). घेऊ का? बायको म्हणते आधी गॅरेज रिकामं कर :)

क्राऊनपिनियन: तुटणार नाही ही गॅरंटी. पिनियनच्या (क्राऊनला फिरवणारं छोटं दातेरी चक्र) टोकाला तिसरं बेअरिंग असतं त्यामुळे कितीही जोर आला तरी पिनियन क्राऊनपासून लांब ढकललं जात नाही, हे फोर्ड ९ इंच एक्सलमध्येही आहे पण डाना ६० एक्सलमध्ये नाही. गोची वजनाची आहे, ड्रमसकट ५०० पौंडांच्या वर जातो आणि ते सगळं स्प्रिंगच्या खाली. शिवाय फुल फ्लोटर म्हणजे गाडीचा भार हबवर, शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. ट्रकवर टनभर माल असतो म्हणून ते लागतं, नोवाला कशाला? त्यात हब ८ बोल्टचे, तुझे ड्रॅग रिम ५ चे.

वेल्डिंगदादा: म्हणूनच तो तसाच कुणी बसवत नाही रे. दोन्ही टोकं कापायची, हौसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) नोवाच्या रुंदीचं करायचं, फोर्ड ९ इंचाची मोठ्या बेअरिंगवाली टोकं वेल्ड करायची, शाफ्ट ऑर्डर देऊन बनवायचे, डिस्क ब्रेक लावायचे. वजन बरंच उतरतं आणि ५ बोल्टचा प्रश्नही मिटतो. फक्त टोकं लावताना आतून अलाइनमेंट बार (टोकं सरळ रेषेत धरणारा दांडा) घाल आणि थोडं थोडं, बाजू बदलत वेल्ड कर, एका दमात फिरवलंस तर नळी वाकते आणि मग बेअरिंग खातच राहते. मधला भाग ओतीव आहे, त्याला ब्रॅकेट लावायचं तर आधी तापवायला लागेल.

हेमीप्रेमी: ट्रकचा एक्सल कारला हे काय नवीन नाय, १९६६ पासून क्रायस्लरच हेमी इंजिन आणि फोर-स्पीड गिअरबॉक्सवाल्या गाड्यांना डाना ६० लावून विकत होती. पण शाफ्ट, टोकं, ब्रेक, स्पूल (दोन्ही चाकं कायम एकत्र फिरवणारा भाग) सगळं धरून हिशोब कर, स्वस्तातला एक्सल तयार ९ इंचाच्या भावात जाईल. आणि हो, त्यात कंपनीचा गव्ह-लॉक (आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल) असेल तर काढून टाक, एक चाक बरंच जास्त फिरल्यावर तो धाडकन लॉक होतो, लाँचला (शर्यत सुटताना) ते नकोच.

नोवावाला_मिशिगन: वेल्डर माझा स्वतःचा आहे म्हणून मोह होतोय. ४.१० चालेल का पण? टायर २८ इंची, शेवटाला १३० मैल अपेक्षित.

क्राऊनपिनियन: टॉप गिअर १:१ धरलं तर ६४०० आरपीएमच्या आसपास येतं, कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर) असेल तर अजून थोडं वर. तुझा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तिथपर्यंत ओढत असेल तर रेशोला हात लावू नकोस. घ्यायच्या आधी कव्हर उघडून क्राऊनचे दात बघ, आणि भंगारवाल्याला ड्रमसकट भाव देऊ नकोस, ते तुला काढूनच टाकायचेत.