शब्दचर्चा : ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या आठवीतल्या मुलाने वडिलांवरच्या निबंधात लिहिलं, ‘माय फादर पुल्स द नेट हार्डली.’ वडील रापणीला जातात. होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं आणि किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही बाजूंचे दोर सगळ्यांनी मिळून ओढायचे, हे कष्ट त्याने रोज पाहिलेत. बाबा जीव तोडून ओढतात असं त्याला म्हणायचं होतं. वाक्य मात्र सांगतं की बाबा ओढतात न ओढतात. मी ‘ली’ खोडलं. तर तो म्हणाला, ‘‘बाई, ‘क्विक’चा ‘क्विकली’ होता, मग ह्येचा कित्याक नाय?’’ अपवाद आहे, पाठ कर, एवढंच मला सांगता आलं. मुलाचा प्रश्न रास्त होता. कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद

ताई, याला अपवाद म्हणून सोडून देऊ नका, यामागे कारण आहे. जुन्या इंग्रजीत विशेषणापासून क्रियाविशेषण करायच्या दोन वाटा होत्या. एक म्हणजे शेवटी नुसता ‘ए’सारखा स्वर लावायचा, दुसरी, ज्याचा आज ‘ली’ झाला तो प्रत्यय. पुढे शब्दाच्या शेवटचा तो स्वर बोलण्यातून गळून गेला. मग ‘हार्ड’ हे विशेषण आणि ‘हार्ड’ हे क्रियाविशेषण दिसायला एकच झाले. ‘फास्ट’चंही तेच, म्हणून प्रमाण इंग्रजीत ‘फास्टली’ नाही.

‘हार्डली’ दुसऱ्या वाटेने आला. त्याचाही अर्थ आधी ‘जोराने’ असाच होता. मग ‘मोठ्या कष्टाने’ झाला आणि तिथून ‘जेमतेम’वर येऊन थांबला. मुलाला हे परकं वाटू नये, कारण आपला ‘मुश्किलीने’ याच वाटेने गेला आहे. ‘मुश्किलीने दोर ओढला’ यात कष्ट आहेत. ‘आज मुश्किलीने दहा बांगडे मिळाले’ यात कष्टांचा विषयच नाही, मासळी कमी होती एवढंच. मला तर हा मुलगा चुकला असंही म्हणवत नाही, काही शतकं उशिरा आला इतकंच.

जागाही दाखवा. ‘हार्ड’ क्रियापदाच्या आणि कर्माच्या मागून येतो : ‘पुल्स द नेट हार्ड’. ‘हार्डली’ मुख्य क्रियापदाच्या आधी : ‘हार्डली पुल्स’. ‘कॅन’सारखं सहायक असेल तर त्याच्या लगेच नंतर.

आणखी एक

वरचं पटलं. पण खरी अडचण पुढे येते. ‘हार्डली’चं मराठी आपण ‘फारसं’ असं सांगतो, आणि ‘फारसं’ला ‘नाही’ लागतंच : ‘फारसे मासे मिळाले नाहीत’. मग मुलं ‘डिडन्ट हार्डली गेट’ लिहितात. ‘हार्डली’च्या पोटात नकार आधीच आहे, वर दुसरा नको. त्यापेक्षा ‘जेमतेम’ शिकवावा, त्याला ‘नाही’ लागत नाही.

‘लेट’ आणि ‘लेटली’ही याच वेळी घ्या. होडी ‘लेट’ आली म्हणजे उशिरा. ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, हल्ली. ‘फ्रेंडली’ला मात्र ‘ली’ पाहून फसू नये, ते विशेषण आहे.

मराठीमुळेही थोडा गोंधळ होतो. आपल्याकडे ‘पडाव कसाबसा लागला’, ‘होडी कशीबशी लागली’, शब्द कर्त्याप्रमाणे बदलतो. मालवणी ‘बेगीन’ (म्हणजे लवकर) मात्र बदलत नाही : ‘तो बेगीन इलो’, ‘ती बेगीन इली’. इंग्रजी क्रियाविशेषण या ‘बेगीन’सारखं, कर्ता कुणीही असो.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ‘मुश्किलीने’चं उदाहरण दिलं आणि त्याला लगेच कळलं. आज वहीत हे वाक्य आहे : ‘द मेन पुल्ड हार्ड बट दे हार्डली गॉट एनी फिश.’ ‘नो फिश’ का नाही, तेही त्यानेच मला सांगितलं.