कुंद्याचा वीट आला! व्हिडिओवाल्यांनो, तुमचं काय?

शहापूर, बेळगाव
तीन वर्षं खाण्याचे व्हिडिओ करतेय. गेल्या महिन्यात कुंदा केला. दूध आटलं, दही पडल्यावर दाणा धरला, रंग तांबूस झाला, इथवर सगळं एका दमात. मग चमचा तोंडात घालून 'अहाहा' म्हणायचं. सात टेक झाले आणि सातव्याला रडूच फुटलं. आई म्हणाली, "अगं, खायला बसलीस की शिक्षा भोगायला?" तेव्हापासून ट्रायपॉड कपाटात आहे. रोज काही ना काही टाकणारे इथे बरेच आहात, तुम्ही कसं निभावता? उपदेश नको, घडलेलं सांगा.

निपाणी
ताई, मला कामानं नाही, कमेंटनी दमवलं. मी शेतीवर बोलतो. तंबाखूच्या रोपावर बोला नाहीतर जोंधळ्याच्या भाकरीवर, तिसऱ्या कमेंटला 'बेळगाव कुणाचं' सुरू. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव, जवळ आला की बघायलाच नको. रात्री दोन-दोनपर्यंत उत्तरं देत बसायचो, बायको पाठ फिरवून झोपायची. शेवटी भाच्यानं यूट्यूबच्या सेटिंगमध्ये अडवायच्या शब्दांची यादी घातली. गंमत म्हणजे एकेक शिवी तीन लिप्यांत लिहावी लागली: देवनागरी, कन्नड, रोमन. तसले शब्द असलेली कमेंट आता थेट दिसत नाही, तपासायला अडकते. रविवारी भाचा ती चाळतो, मी हात लावत नाही. वाद १९५६ पासनं आहे, तो काय मी रात्रीत मिटवणार होतो!

खानापूर
पाऊस, धबधबे, जंगल हा माझा विषय. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीला गेलो आणि पावसानं तीन दिवस अडकवलं, वर रेंज गायब. पहिल्या दिवशी चारदा दगडावर चढून फोन आभाळाला दाखवला. दुसऱ्या दिवशी घरच्या आजींनी चुलीपुढे बसवून फणसाच्या आठळ्या भाजायला दिल्या. परत येऊन बघतो तर व्ह्यूज होते तितकेच. आता चार-पाच व्हिडिओ आधी करून तारखा लावून ठेवतो.

चिकोडी
पैशाचं कुणी बोलेना. लांब व्हिडिओंच्या जाहिरातीतला वाटा हवा तर १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास बघितलेले पाहिजेत. त्यानंतरही १०० डॉलर साठल्याशिवाय रक्कम सुटत नाही. माझी पहिली रक्कम यायला दीड वर्ष गेलं. तोवर तासातासाला आकडे बघायचो. आबांचा जन्म उसाच्या बिलाची वाट बघण्यात गेला. ते म्हणाले, "कारखान्याच्या गेटवर उभारलं म्हणून बिल लवकर येतंय व्हय?" ॲप काढून टाकलं. नोकरी सोडली नव्हती, तेवढं नशीब.

टिळकवाडी
वीट आला म्हणून शेतकऱ्यानं नांगर कपाटात ठेवला तर चालेल का? आजकालची नाटकं.

शहापूर, बेळगाव
काका, नांगरताना 'अहाहा' म्हणावं लागत नाही, एवढाच फरक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या थकव्याला आजार नव्हे, पण कामातून उद्भवणारी अवस्था म्हटलंय: त्राण जाणं, कामाचा तिटकारा, हातून काही धड होत नाही असं वाटणं. माझं मधलं पक्कं जुळतंय.

निपाणीच्या दादा, भाच्याची ती यादी पाठवाल का? कन्नड शिव्या मला समजतात, लिहिता येत नाहीत.