नोकरी, लोकल, घर सांभाळून रोज लिहिणं कसं जमवता?

बदलापूरची_मैना
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं. मी बँकेत आहे, रोज बदलापूर-दादर, सकाळी सातच्या आत घर सोडते ते परत यायला साडेआठ होतात, मग स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या. डोक्यात कथा भरपूर आहेत, दोन अर्धवट पडल्यात. यंदा एखाद्या तरी दिवाळी अंकाला पाठवायचीच असं ठरवलंय पण बरेचसे अंक जून-जुलैपर्यंत साहित्य मागवतात आणि माझा वेग बघता अवघडच दिसतंय. ऑफिसातली मैत्रीण म्हणते २१ दिवस नेटाने केलं की सवय लागतेच. माझं जरा बस्तान बसतंय तोवर क्वार्टर एंडिंग येतं नाहीतर पोराला ताप येतो, आणि एकदा खंड पडला की सगळं मुसळ केरात. पहाटे उठून लिहा हा सल्ला कृपया नको, डबे माझ्याच हातचे जातात.

खडूस_काका
ते २१ दिवसांचं आधी डोक्यातून काढा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता, त्याने १९६० च्या पुस्तकात लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. पुढे सांगणाऱ्यांनी 'कमीत कमी' गाळलं आणि नाकाचं औषध सगळ्यांना लागू केलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि मंडळींनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, कोणाला १८ तर कोणाला थेट २५४. तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर फार काही बिघडत नाही असंही त्यात दिसलं. आणि त्या लोकांना नुसतं 'रोज करा' असं सांगितलेलं नव्हतं, नाश्ता झाल्यावर वगैरे असं रोजच्या ठरलेल्या गोष्टीला जोडून करायचं होतं. तुम्ही कशाला जोडणार ते बघा, वेळ शोधत बसलात तर तो मिळायचा नाही.

चौथी_सीट
मैना ताई, तुम्हाला जोडायला लोकल आहे की!! मी डोंबिवलीहून जाते, बसायला मिळालं की मोबाईल काढायचा आणि व्हॉट्सॲप उघडायच्या आधी नोट्स उघडायचं एवढा एकच नियम. रेंज मधेच जाते म्हणून ऑफलाइन चालणारं ॲप घ्या. चार ओळी झाल्या तरी बास, आणि उतरताना वाक्य मुद्दाम अर्धवट सोडायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी 'आता काय लिहू' करत ठाणं येत नाही. मागचं वाचून दुरुस्त करत बसायचं नाही, ते रविवारी. अंगठ्याने टाईप करायचा कंटाळा आला तर जीबोर्डवर (गुगलचा कीबोर्ड) मराठीत बोलून लिहिता येतं, पण ते स्टेशन ते घर चालताना करा, गाडीत नको, माझी नायिका नवऱ्याशी भांडता भांडता मधेच "पुढील स्टेशन कुर्ला" म्हणाली होती 😂 शेजारच्या काकू वाकून वाचतात त्याला मात्र इलाज नाही, फॉन्ट बारीक करा.

तिरपा_डोळा
काकांशी सहमत पण थोडं तिरकं बोलतो. अँथनी ट्रोलोप या इंग्रज कादंबरीकाराचा दाखला सगळीकडे देतात, पोस्टखात्यात नोकरी करून पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द. पण हे ज्यात सांगितलंय त्याच आत्मचरित्रात त्याने हेही लिहिलंय की हाक मारून उठवायला म्हाताऱ्या नोकराला वर्षाला ५ पौंड जादा द्यायचा, आणि तोच कॉफी आणायचा. तर शिस्त वगैरे ठीक आहे, कॉफी कोण आणणार ते आधी ठरवा. आठवड्यातले दोन दिवस पोराचा अभ्यास नवऱ्याकडे, आणि ते 'मदत करतो' म्हणून नाही, त्यांचं काम म्हणून. दुसरं, मला स्वतःला सवयीपेक्षा तारीखच लिहायला लावते. एखादी खमकी मैत्रीण गाठा आणि दर रविवारी रात्री तिला पान पाठवायचं कबूल करा. बरं आहे का नाही हे तिने सांगायचं नाही, फक्त आलं नाही तर फोन करायचा.

बदलापूरची_मैना
सगळ्यांचे आभार! गोळ्यांचं खातं आजपासून अहोंकडे गेलं, अभ्यासावर वाटाघाटी चालू आहेत. गाडीत कल्याणपर्यंत तरी लिहून बघते. काका, तो २५४ दिवसवाला माझ्याच जातकुळीतला असणार. आणखी एक, मोबाईलवर टाईप केलेलं अंकवाले घेतात का, की कागदावर उतरवून पाठवायचं?

खडूस_काका
आता बहुतेक ठिकाणी युनिकोडमधली (मोबाईलवर मराठी टाईप होतं ते युनिकोडच) वर्ड फाइल ईमेलने चालते, तरी त्या त्या अंकाचं आवाहन नीट वाचा, शब्दमर्यादाही तिथेच असते. नुसती पीडीएफ पाठवू नका, मजकूर लावणाऱ्याच्या शिव्या खाव्या लागतात. आणि एकच कथा एका वेळी चार ठिकाणी नको.