चर्चा: दूरदृश्य सुनावणी असताना कोल्हापूरच्या सर्किट बेंचची गरज होती का?

सांगलीकर: मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे न्यायपीठ, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची मुंबईवारी टळली, याचे मलाही समाधान आहे. तरीही शंका उरतेच. २०२० च्या टाळेबंदीत न्यायालयांनी दूरदृश्य सुनावण्या घेतल्या, आता ई-फायलिंगही होते. मग इमारती आणि कर्मचारी यांवर होणारा खर्च तालुका न्यायालयांतील कॅमेऱ्यांवर आणि भरवशाच्या इंटरनेटवर का केला नाही?

घाटावरचा वकील: पक्षकार केवळ युक्तिवाद ऐकायला मुंबईला जात होता, हे गृहीतकच मला मान्य नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून तो सकाळी उतरायचा तो मुंबईच्या वकिलासमोर कागद उलगडायला, कारण इथल्या वकिलाला फाइल तिकडे सोपवावी लागे आणि फी दोघांची भरावी लागे. बेंचमुळे हे काम जिल्ह्यातल्या वकिलाकडे राहू शकते. कॅमेऱ्याने ते झाले नसते, निदान टाळेबंदीनंतरच्या पाच वर्षांत तरी झालेले मी पाहिले नाही. शिवाय पुष्कळशा तडजोडी व्हरांड्यात, समोरच्या वकिलाला बाजूला घेऊनच ठरतात. पडद्यावर प्रकरण संपले की चौकट बंद होते, आणि बोलायचे ते राहूनच जाते.

सांगलीकर: व्हरांड्यातल्या तडजोडीसाठी सरकारने इमारत उभारावी, हा युक्तिवाद मला तरी पटत नाही. फीचा मुद्दा मात्र वजनदार आहे.

कणकवलीहून: घाटाखालचेही ऐका. आम्हाला मुंबईला थेट कोकण रेल्वे आहे. कोल्हापूरला जायचे तर करूळ किंवा फोंडा घाट चढावा लागतो, पावसाळ्यात दरड कोसळली की तोही बंद, आणि वैभववाडी-कोल्हापूर रेल्वे अजून कागदावरच आहे. अंतर कमी झाले खरे, प्रवास सोपा झालाच असे नाही. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या सुनावणीच्या यादीत, प्रकरण तळाला असेल तर दिवसभर बसून पुढची तारीख घेऊन परतावे लागते. त्यामुळे अंतिम सुनावणीला आम्ही घाट चढू, पण नुसत्या तारखेसाठी दूरदृश्य हजेरी हक्काने मिळावी, त्यासाठी दर वेळी वेगळी विनंती करावी लागू नये. बेंच झाले म्हणून कॅमेऱ्याची निकड संपली, असे निदान सिंधुदुर्गाच्या बाबतीत कोणी म्हणू नये.