मदत हवी आहे: उसाच्या पाचटाच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) फुटतायत

हातकणंगलेकर: हातकणंगल्याजवळ युनिट आहे. गेल्या पंधरवड्यापासून ब्रिकेट गाडीत भरेपर्यंत फुटतायत. इचलकरंजीच्या कापड प्रोसेसवाल्यानं भरलेली गाडी परत लावली. डाय (कांडीचा साचा) नवी टाकली, तरी तेच. कुठला बाइंडर (चिकटवणारा माल) घालू? लवकर सांगा, हंगाम संपत आलाय.

बॉयलरमन: मशीन पिस्टनचं का स्क्रूचं? ओलावा किती? नुसतं पाचट का आणखी काही?

करवीरचा शेतकरी: पाचट नेऊच नका. एकरी तीन-चार टन निघतं. खोडव्यात सरीत कुजवलं तर जमिनीचा कर्ब वाढतो, पाण्याची पाळीही लांबते.

बॉयलरमन: दादा, प्रश्न ब्रिकेटचा आहे. तोड झाली की कितीतरी फड पेटवले जातात, तेवढं उचललं तर काय बिघडलं?

करवीरचा शेतकरी: पेटवणं थांबवायला कांडी कशाला पाहिजे? कुट्टी करा, शेतातच ठेवा.

शिरोलीकर: ब्रिकेट सोडा, पेलेट (बारीक गोळ्या) करा. केंद्राच्या २०२३ च्या धोरणात औष्णिक वीज केंद्रांना कोळशासोबत ५ टक्के बायोमास २०२४-२५ पासून आणि ७ टक्के २०२५-२६ पासून ठरवलं होतं. गिऱ्हाईक तिथं आहे.

साईझिंगवाला: पाचटाच्या राखेत पोटॅश, वर शेतातनं ओढून आणलेली माती. आमच्या बॉयलरच्या जाळीवर क्लिंकर (वितळून घट्ट झालेली राख) धरतो. वीज केंद्रवाले ते डोळे झाकून घेतील होय? बगॅस (उसाचा चोथा) मिळालं तर बरं, पण कारखाने ते सहवीजेलाच जाळतात.

शिरोलीकर: गुऱ्हाळांचं चिपाड बघा मग.

साईझिंगवाला: ते त्यांच्याच चुलवाणाला लागतं.

हातकणंगलेकर: पिस्टन, ९० मिमी, नुसतं पाचट. मीटर नाही, पण हाताला कोरडं लागतंय. बाइंडरचं सांगा ना कुणीतरी.

बॉयलरमन: बाइंडर लागत नाही. दाबानं डाय तापते, पाचटातलं लिग्निन मऊ होतं, तेच धरून ठेवतं. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास हवा. जास्त झाला की आत वाफ कोंडते आणि बाहेर पडताना कांडी चिरते. हाताला कोरडं लागलेलं १५ टक्केही भरतं. आधी मीटर आणा, मग थोडा लाकडाचा भुसा मिसळून बघा. पाचट ठेवलंय कुठं?

हातकणंगलेकर: उघड्यावर, बेलरच्या (पाचट दाबून बांधणाऱ्या मशीनच्या) गाठींची थप्पी. परवा वळीव झाला, पण वरनं वाळलंय.

बॉयलरमन: हे पहिल्यांदा सांगायचं हो! मधल्या गाठीत हात घालून बघा. गरम लागली तर थप्पी आजच फोडून पसरा, आतनं तापून पेट घेते. ब्रिकेटचं उद्या बघू.