के-१ व्हिसावर अबू धाबीमार्गे अमेरिकेत प्रवेश : मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न अमेरिकी नागरिक असलेल्या मुलाशी ठरले असून, मुंबईच्या वकिलातीतील मुलाखतीनंतर तिला के-१, म्हणजे वाग्दत्त वधूचा, व्हिसा मिळाला आहे. तो एकाच प्रवेशापुरता असतो आणि प्रवेशापासून ९० दिवसांत लग्न व्हावे लागते, हे आम्हाला ठाऊक आहे. पासपोर्टसोबत आलेले सीलबंद पाकीट तपासणी अधिकाऱ्यानेच उघडायचे असल्याने, आईने ते दुमडू नये म्हणून साडीच्या खोक्यात ठेवले आहे.

अडचण विमानाची आहे. अबू धाबीमार्गे शिकागोला जाताना अमेरिकेची प्रवेश-तपासणी अबू धाबीलाच होते, आणि तिथे तिच्या हाती दोन विमानांमधील जेमतेम सव्वादोन तास आहेत. पाकीट पाहण्यासाठी अधिकाऱ्यांनी तिला आतल्या खोलीत बसवून ठेवले आणि पुढचे विमान चुकले, तर पहिल्यांदाच परदेशी निघालेली मुलगी अनोळखी विमानतळावर एकटी पडेल, ही आम्हाला खरी काळजी आहे. तपासणी शिकागोलाच झाली, तर निदान होणारा नवरा बाहेर उभा असेल, म्हणून तिकीट बदलावे असे माझे मत आहे.

या मार्गाने के-१ व्हिसावर गेलेल्यांनी कृपया सांगावे, की तपासणीला किती वेळ लागला आणि लग्नाच्या तारखेबद्दल काय विचारले? तिच्याजवळ आजीच्या पाटल्या आणि मंगळसूत्रही असेल. त्यांची पावती नसल्यास सोनाराचा मूल्यांकन दाखला चालतो का?